क्रांती: फिरून येणे की निघून जाणे?

शाळेत भूगोलाच्या पेपरात एका चुकीला हमखास गुण कापले जायचे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. इंग्रजीत पहिले रोटेशन, दुसरे रिव्हॉल्यूशन. हा फरक घोकून पक्का केलेला विद्यार्थी मोटारीच्या इंजिनापाशी आला की चक्रावतो. इंजिनाचा दांडा तर स्वतःच्याच अक्षाभोवती फिरतो, पण त्याचा वेग सांगतात आरपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती रिव्हॉल्यूशन. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या मिनिटाला 78 रिव्हॉल्यूशन करत, संगणकाच्या कित्येक हार्ड डिस्क 7200 करतात. रिव्हॉल्व्हर हे नावही याच घराण्यातले, कारण त्यातले गोळ्यांचे नळकांडे जागच्या जागी वळते. भूगोलाच्या बाईंनी या सगळ्यांवर लाल फुली मारली असती.

चूक तशी कोणाचीच नाही. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मागे वळवणे, गुंडाळत परत आणणे असा आहे. फिरणारी वस्तू निघाली तिथे पुन्हा आली, की एक रिव्हॉल्यूशन झाले. ती स्वतःभोवती फिरली की दुसऱ्याभोवती, ही वाटणी नंतरची. आणि ही वाटणी वाटते तितकी सरळही नाही. एकसारखी दोन नाणी घेऊन पाहा. एक टेबलावर दाबून धरा आणि दुसरे त्याच्या कडेकडेने, अजिबात न घसरू देता, पुरते एकदा फिरवून आणा. दोन्हींचा घेर सारखाच, तेव्हा फिरणारे नाणे स्वतःभोवती एकदाच वळेल असे वाटते. प्रत्यक्षात ते दोनदा वळते. अर्ध्या वाटेवरच त्यावरचे चित्र पुन्हा सुलटे झालेले दिसेल. एक गिरकी गडगडण्याची, दुसरी नुसत्या प्रदक्षिणेची.

ही लपलेली गिरकी आर्यभटाच्या आकड्यांत स्वच्छ दिसते. इसवी सन 499 च्या सुमारास तो ग्रहांच्या फेऱ्यांचा हिशेब मांडतो, आणि अशा फेऱ्यांना आपल्या ज्योतिषगणितात शब्द आहे 'भगण'. एका युगाच्या 43,20,000 वर्षांत सूर्याचे भगण तेवढेच, 43,20,000. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्या तो देतो 1,58,22,37,500. पहिला आकडा दुसऱ्यातून वजा केला की उरतात 1,57,79,17,500, आणि हे झाले युगातले दिवस. वजाबाकी का करायची? कारण ताऱ्यांकडे पाहून मोजले तर पृथ्वी वर्षभरात सुमारे 366¼ वेळा स्वतःभोवती फिरते, पण सूर्य उगवतो 365¼ वेळाच. एक गिरकी प्रदक्षिणेत जिरते. म्हणूनच पृथ्वीची खरी गिरकी 24 तासांची नसून 23 तास 56 मिनिटांची आहे. त्या दिवसांना वर्षांनी भागले तर वर्ष येते 365.2587 दिवसांचे, आणि दुर्बीण नसलेल्या काळासाठी हे उत्तर थक्क करणारे आहे.

तीच गिरकी पुढे कारखान्यात उपयोगी पडली. वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या वर-खाली हलायचा. खाणीतले पाणी उपसायला तेवढे पुरे, पण कारखान्यांतली यंत्रे चालवायला गोल फिरणारा दांडा हवा. त्यासाठी साधी भुजा, म्हणजे क्रँक, वापरावी, तर तिचे पेटंट दुसऱ्याच कोणी घेऊन ठेवलेले. तेव्हा 1781 साली जेम्स वॅटने आडवाटेची युक्ती पेटंट केली. एक दाते असलेले चाक मध्ये, दुसरे त्याच्या भोवती फिरणारे. मधल्याला नाव 'सूर्य', फिरणाऱ्याला 'ग्रह'. दोन्हींचे दाते सारखे असले, की ग्रहाच्या एका प्रदक्षिणेत सूर्याचे चाक दोनदा फिरते. नाण्यांचेच गणित! औद्योगिक क्रांतीला रिव्हॉल्यूशन म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर समाजाची उलथापालथ असते. तिच्या इंजिनघरात मात्र अक्षरशः एक ग्रह एका सूर्याभोवती फिरत होता.

मग उलथापालथ हा अर्थ आला कुठून? 1543 साली न्यूरेंबर्गमध्ये कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला. त्याच्या लॅटिन नावात 'रेव्होल्युशनिबस' आहे, पण तिथे अर्थ निखळ खगोलशास्त्रीय, म्हणजे आकाशगोलांची परिभ्रमणे. त्या ग्रंथाने विचारांत क्रांती केली, हे वाक्य त्या काळच्या वाचकाला कळलेच नसते. राजकारणातही हा शब्द आधी 'परत येणे' याच अर्थाने शिरला. 1660 साली इंग्लंडमध्ये राजेशाही पुन्हा स्थापन झाली, तेव्हा त्या परतण्याला रिव्हॉल्यूशन म्हणणारे लोक होते. 1688 च्या सत्तांतराकडेही अनेकांनी जुने हक्क परत मिळाले असेच पाहिले. 1789 नंतर फ्रान्समध्ये अर्थ पालटला. बास्तीयचा तुरुंग पडल्यावर राजाने 'हे बंड आहे का?' असे विचारले आणि दरबाऱ्याने 'नाही महाराज, ही रिव्हॉल्यूशन आहे' असे उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. तिथून पुढे या शब्दात परतीची वाट राहिली नाही.

मराठीतला 'क्रांती'ही आकाशातूनच उतरला, पण वेगळ्या शिडीने. त्याचा धातू 'क्रम्', म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. संक्रमण, अतिक्रमण, पराक्रम, सगळी भावंडे त्याचीच. खगोलशास्त्रात क्रांती म्हणजे फेरा नव्हेच. आकाशातल्या विषुववृत्तापासून सूर्य किंवा तारा उत्तरेला वा दक्षिणेला किती अंशांवर आहे, ते अंतर. सूर्याचा वार्षिक मार्ग म्हणून क्रांतिवृत्त. मधली रेघ सोडून दूर जाणे असा हा अर्थ, आणि मला विचाराल तर फ्रेंच राज्यक्रांतीला तो लॅटिन शब्दापेक्षा जास्त शोभतो.

या क्रांतीची एक गंमत आहे. विषुवदिनी सूर्याची क्रांती शून्य असते, पण ती सर्वांत झपाट्याने बदलते तीही तेव्हाच, दिवसाला सुमारे 24 कला (60 कलांचा एक अंश). 21 जूनच्या आसपास ती कमाल, साधारण 23 अंश 26 कला, होते आणि तिथे जवळजवळ थबकते. मग माघारी वळते. जुन्या ग्रंथांत ही परमक्रांती 24 अंश दिली आहे. पृथ्वीच्या अक्षाचा कल हजारो वर्षांत किंचित बदलतो, त्या काळी तो आजच्याहून थोडा जास्तच होता, पण पूर्ण 24 नव्हता.

राहिला प्रश्न निघाल्या जागी परतण्याचा. पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने सुमारे 94 कोटी किलोमीटरची फेरी वर्षात पुरी करते, पण ती फेरी फक्त सूर्याच्या हिशेबाने पुरी होते. खुद्द सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धावतो आहे आणि त्याच्या एका फेरीला वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात. त्यामुळे त्या केंद्रावरून पाहिले, तर पृथ्वीची वाट मिटलेले वर्तुळ न दिसता पुढे पुढे सरकणारे वेटोळे दिसेल. गेल्या वर्षी याच तारखेला आपण जिथे होतो ती जागा आता सुमारे 700 कोटी किलोमीटर मागे राहिली आहे. नेपच्यून सूर्यापासून 450 कोटींवर आहे.