डीजीपीएस आणि स्यूडोलाइट: जमिनीवरून नेमकं काय येतं?

जीपीएसची अचूकता वाढवण्यासाठी जमिनीवर ट्रान्समीटर बसवला आहे, असं वाचलं की बहुतेकजण ‘म्हणजे डीजीपीएस (डिफरन्शियल जीपीएस)’ म्हणून मोकळे होतात. तो स्यूडोलाइट, म्हणजे जमिनीवरचा नकली उपग्रहही असू शकतो. त्या ट्रान्समीटरमधून चूक किती आहे याची माहिती येते की नवं अंतर मोजता येतं, हे आधी विचारायला हवं.

डीजीपीएसचं केंद्र काटेकोर मोजलेल्या जागी असतं. तेही आपल्यासारखंच उपग्रहांचे संकेत घेतं. पण स्वतःचं स्थान पक्कं ठाऊक असल्यामुळे प्रत्येक उपग्रहाचं अंतर किती चुकलं हे त्याला कळतं. तेवढी दुरुस्ती ते प्रसारित करतं. उपग्रहाचं घड्याळ, कक्षा आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांमुळे येणारी चूक आसपासच्या सगळ्या रिसीव्हरना जवळपास सारखीच भोवते, म्हणून हे जमतं. केंद्रापासून दूर जावं तसा उपयोग घटतो. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. तीही डीजीपीएसने निघून जायची. विमानं उतरताना मदत करणारी विमानतळांवरची जीबीएएस यंत्रणा याच घराण्यातली, फक्त तिच्या दुरुस्त्या व्हीएचएफ रेडिओवरून येतात.

स्यूडोलाइट मात्र स्वतःच उपग्रहाची भूमिका घेतो. तो जीपीएससारखाच संकेत सोडतो आणि रिसीव्हर त्याच्यापासूनचं अंतर मोजतो. स्थान काढायला चार उपग्रह लागतात; तीनच दिसत असतील, तर चौथा हा. ही कल्पना जुनी आहे: १९७८ मध्ये पहिला जीपीएस उपग्रह सुटला, त्याच्या आधीच अ‍ॅरिझोनातल्या युमाच्या वाळवंटात जमिनीवरचे ट्रान्समीटर लावून रिसीव्हर तपासले गेले होते. मला यातला उंचीचा फायदा सर्वांत मोलाचा वाटतो. उपग्रह सगळे वरच्याच बाजूला, त्यामुळे उंची नेहमी थोडी कच्ची येते. विमानाला खालूनही एक संकेत मिळाला, की ही उणीव बरीच भरून निघते.

पण तो सांभाळणं कठीण. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्याने आपण थोडे इकडेतिकडे सरकलो तरी त्यांच्या संकेताची ताकद फारशी बदलत नाही. स्यूडोलाइटपासून एक किलोमीटरवरून शंभर मीटरवर आलात, तर संकेत शंभरपट बलवान होतो आणि उपग्रहांचे क्षीण संकेत बुडवून टाकतो. म्हणून तो सलग न सोडता छोट्या छोट्या स्पंदांत सोडतात. शिवाय घड्याळाची शिस्त हवी: एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३० सेंटिमीटरचा फरक. जमिनीलगतून येणारा संकेत भिंती-खडकांवर आपटून परावर्तित होतो, तो त्रास वेगळाच.

गोंधळाचं एक खरं कारणही आहे. स्यूडोलाइटच्या संकेतावरूनच डीजीपीएसच्या दुरुस्त्याही पाठवता येतात, म्हणजे एकच ट्रान्समीटर दोन्ही कामं करू शकतो.

खोल उघड्या खाणीत हा फरक लगेच कळतो. कड्यांनी आकाश झाकलेलं असतं, दोनच उपग्रह दिसतात. न दिसणाऱ्या उपग्रहाची दुरुस्ती कितीही अचूक असली तरी तिथे तिचा उपयोग नाही. खाणीच्या काठावर बसवलेले स्यूडोलाइट मात्र तळातल्या डंपरला स्थान काढून देतात.