एकेडी: सेवेचं ब्रीद आणि मार्कांची चाळणी

अल्फा काप्पा डेल्टा, म्हणजे सोशिऑलॉजीवाल्यांची (समाजशास्त्र शिकणाऱ्यांची) एकेडी, ही चांगले मार्क असलेल्या विद्यार्थ्यांना मेंबर करून घेणारी अमेरिकेतली ऑनर सोसायटी. ती सुरू झाली १९२० मध्ये, लॉस एंजेलिसच्या एका खासगी विद्यापीठात. माणसाचा अभ्यास करायचा तो सेवेसाठी, हे ब्रीद.

गंमत अशी की ज्या प्राध्यापकांनी ही काढली त्यांनीच पुढे काही वर्षांत सोशल डिस्टन्स, म्हणजे परक्या गटातल्या माणसाला किती जवळ येऊ द्यायचं, ते मोजायची पट्टी बनवली (कोविडमधलं सहा फुटांवालं नव्हे). तिच्यात विचारायचं असं: अमुक देशाचा माणूस सोयरीक करायला चालेल का, नाहीतर क्लबात दोस्त म्हणून, शेजारी म्हणून, आपल्या कामधंद्यात, नागरिक म्हणून, का नुसता पाहुणा म्हणून, का देशातच नको. क्लबची पायरी वरून दुसरी, सोयरिकीच्या लगेच खाली! आणि यांच्या स्वतःच्या क्लबात शिरायचं तर मार्क दाखवा.

पण खरी कटकट नंतरची. अमेरिकेत १९२५ मध्येच ऑनर सोसायट्यांची एक शिखर संस्था झाली होती, कारण नुसते पैसे घेऊन सर्टिफिकेट वाटणारे पण होतेच. एकेडी तिच्यात गेली १९६७ ला. तिचा नियम असा की एका विषयापुरत्या सोसायटीने वर्गातल्या वरच्या ३५ टक्क्यांतलेच घ्यायचे. आता काहींचं म्हणणं ठरावीक जीपीए (चारपैकी मोजलेली मार्कांची सरासरी) बरा, पोराला आधीच कळतं कुठवर पोचायचंय. पण जिथे मार्क सढळ हाताने देतात तिथे त्या जीपीएला निम्मा वर्ग आत येतो, आणि टक्केवारी लावली तर हुशार बॅचमधलं चांगलं पोरगं बाहेर राहतं, शिवाय नोकरी करून शिकणाऱ्याचे मार्क जरा कमीच पडतात, आणि हे असं का होतं ते सोशिऑलॉजीवालेच पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. मला तरी टक्केवारीच त्यातल्या त्यात बरी वाटते, पण सेवेला यात मार्क कुठेच नाहीत हे खटकतंच.

बाकी अटी साध्या आहेत: सोशिऑलॉजीचे निदान चार कोर्स झालेले, त्यात ३.० जीपीए, आणि पदवीचं तिसरं वर्ष तरी गाठलेलं. मास्टर्स-पीएचडीवाल्यांनाही घेतात. फी एकदाच, मेंबरशिप आयुष्यभराची, त्यामुळे तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना आमंत्रणाचा मेल आला की आधी फ्रॉडच वाटतो. आधी डिपार्टमेंटमध्ये विचारा, चॅप्टरचं, म्हणजे एकेडीच्या तिथल्या शाखेचं काम तिथलेच प्राध्यापक बघतात.