दीडशे लिटरचे काम दहा लिटरात

पाठीवरच्या पंपाने फवारणारा शेतकरी औषधाचा हिशेब पंपावर करतो. ‘पंपाला दहा मिली टाका’ असे दुकानदार सांगतो आणि तेच घरात सगळ्यांच्या तोंडी असते. पंप 15 लिटरचा, एकराला दहा पंप. म्हणजे 150 लिटर पाणी आणि 100 मिली औषध. फवारणीचा ड्रोन शेतात आला की पहिला घोळ इथेच होतो. त्याची टाकी 10 लिटरची, दिसायला पंपाएवढीच, म्हणून तिच्यातही दहा मिलीच पडते. पण ती एक टाकी अख्खा एकर फवारते! औषध दहावा हिस्सा गेले, अळी तशीच राहिली आणि दोष ड्रोनवर आला. ड्रोनसाठी मात्रा एकरी मोजायची: वरच्या उदाहरणात पूर्ण 100 मिली एकाच टाकीत.

पाणी पंधरापट कमी, औषध तेवढेच. ड्रोन फवारणीतले बहुतेक फायदे आणि बहुतेक धोके या एका गोष्टीतून निघतात.

टाकी 10 लिटरचीच का, याचे एक कारण नियमांत आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 2 ते 25 किलो वजनाचा ड्रोन ‘लहान’ गटात येतो. त्यापुढे तो ‘मध्यम’ गटात जातो. सांगाडा, मोटारी, बॅटरी आणि भरलेली टाकी मिळून 25 किलोच्या आत बसवायचे, तर पाण्याच्या वाट्याला साधारण 10 लिटरच येतात. या गटातला ड्रोन उडवायला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते आणि ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो.

आता प्रवाहाचे गणित. ड्रोन सेकंदाला 4 मीटर वेगाने जातो आणि पट्टा 4 मीटरचा पडतो असे धरा. सेकंदाला 16 चौरस मीटर झाले. एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर, म्हणजे सव्वाचार मिनिटांत तो पुरा होतो. वळणे धरून सहा-सात मिनिटे. पण फवारा चालू असतो तो सव्वाचार मिनिटेच. तेवढ्यात 10 लिटर संपवायचे तर मिनिटाला जवळपास 2.4 लिटर पडले पाहिजेत, चार नोझल असतील तर प्रत्येकातून 600 मिली. हे उडण्यापूर्वी जमिनीवर मोजता येते. प्रत्येक नोझलखाली मापपात्र धरा, पंप मिनिटभर चालवा आणि चारही आकडे ताडून पाहा. एक नोझल जरी अर्धे तुंबलेले असले, तरी आठवडाभराने शेतात किडीचे सरळ पट्टे उमटतात.

इतक्या कमी पाण्यात सगळी पाने भिजवायची, तर थेंब बारीक हवा. थेंबाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच पाण्याचे आठपट थेंब होतात. पण बारीक थेंब जड नसतो. केसाच्या जाडीचा, 100 मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम 27 सेंटीमीटर खाली येतो. तीन मीटरवरून सुटला तर त्याला अकरा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ताशी 10 किलोमीटरचा वारा त्याला 30 मीटर लांब नेऊ शकतो. 300 मायक्रॉनचा थेंब त्याच वाऱ्यात सुमारे सात मीटरवरच खाली बसतो.

या वाहण्याला आवर घालतो पंख्यांचा खालचा झोत. ड्रोनला हवेत धरायला जेवढे वजन, तेवढा जोर हवेला खाली द्यावा लागतो. तोच झोत थेंबांना पिकात दाबतो आणि पाने हलवून त्यांना आत शिरायला वाट देतो. म्हणूनच टाकी रिकामी होत आली, ड्रोन दहा किलोने हलका झाला, की झोतही मंदावतो. वेग वाढवला तर झोत मागे कलंडतो आणि थेंब मोकळे सुटतात. दोन एकर जास्त उरकायच्या घाईत चालक वेग वाढवतात, तेव्हा नेमके हेच बिघडते.

पीक पाहूनच ड्रोन बोलवावा. डोक्यावर गेलेल्या उसात माणूस शिरूच शकत नाही, तिथे ड्रोनला तोड नाही. तुरीचा फुलोरा आणि शेंगा शेंड्याकडे असतात, त्यामुळे शेंगा पोखरणाऱ्या अळीवरही तो चांगला चालतो. द्राक्षाच्या मांडवावर मात्र माझे मत स्पष्ट आहे: केवडा हा बुरशीचा रोग पानाच्या खालच्या बाजूला वाढतो, आणि वरून पडणारा थेंब तिथे पुरेसा पोचत नाही. तिथे ट्रॅक्टरचा ब्लोअरच बरा. बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीला तर ड्रोनही नाही आणि पंपही नाही.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उंच वाढलेल्या कपाशीत माणूस स्वतःच उडवलेल्या फवाऱ्यातून चालत होता. ड्रोन त्याला त्या फवाऱ्यातून बाहेर काढतो, ही या यंत्राची सगळ्यात मोठी कमाई आहे. पण धोका नाहीसा होत नाही, तो बादलीपाशी गोळा होतो. टाकीतले द्रावण पंपातल्यापेक्षा पंधरापट तीव्र असते आणि दर सहा-सात मिनिटांनी कुणीतरी ते भरत असतो. बहुधा तो मदतनीस मुलगा असतो, उघड्या हातांचा. रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सगळ्यात आधी त्याला हवेत.

तीव्र द्रावणात औषधेही लवकर भांडतात. म्हणून आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात नमुना कालवून अर्धा तास ठेवा. दह्यासारखे फुटले किंवा तळाशी गाळ बसला, तर ते मिश्रण टाकीत घालू नका. कालवताना अर्धे पाणी, मग पावडर, मग दाट प्रवाही औषध, तेलकट औषध शेवटी. आणि टाकीत ओतताना जाळीतून गाळून. औषधही ड्रोनने फवारायला मान्यता असलेलेच घ्यावे.

शेजाऱ्याचा विचार ड्रोनच्या फेऱ्यांचा नकाशा आखतानाच करावा. उसातल्या तणावर वापरले जाणारे 2,4-डी वाऱ्याने कपाशीवर किंवा द्राक्षावर गेले, तर पाने आकसून वाकडी होतात. कीटकनाशकाचा अंश तुतीवर पडला, तर तो पाला खाणारे रेशीमकिडे मरतात. वारा ताशी 10 किलोमीटरच्या वर असेल तर थांबा. अगदी निश्चल पहाटही टाळा. थंड हवेच्या थरात बारीक थेंब तरंगत राहतात आणि मंद झुळुकीसरशी भलतीकडे जातात.

पहिल्या दिवशी साधे पाणी भरून एक टाकी उडवा. पाणी लागले की निळा होणारा पिवळा कागद बाजारात मिळतो. त्याचे तुकडे झाडाच्या शेंड्यावर, मधल्या पानांवर आणि बुंध्याशी टाचा, आणि दोन-तीन तुकडे वारा जातो त्या बाजूच्या शेजाऱ्याच्या बांधावर. बुंध्याचा कागद पिवळाच राहिला तर वेग कमी करा. बांधावरचा निळा झाला तर उंची कमी करा, थेंब मोठा ठेवा आणि त्या कडेच्या दोन ओळी पाठीवरच्या पंपासाठी सोडा.