नर्मदा आंदोलने (इंदूर व निमाड)

नर्मदेवरील मोठ्या धरणांविरुद्ध निमाडात (मध्य प्रदेशातील नर्मदाकाठचा प्रदेश) आणि लगतच्या डोंगरपट्ट्यात उभ्या राहिलेल्या लोकचळवळी. इंदूरकरांचे पहिले नर्मदा आंदोलन मात्र नदीचे पाणी शहरात आणा, यासाठी होते. १९७० च्या पावसाळ्यात अभ्यास मंडळ ही शहरातली वैचारिक संस्था, विद्यार्थी, व्यापारी आणि कामगार संघटना त्यासाठी रस्त्यावर उतरल्या. मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्ल यांच्या सरकारने मागणी मान्य केली आणि १९७८ मध्ये पाणी आले. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथे ते उपसतात, विंध्याचा घाट चढवून वांचू पॉइंटपर्यंत नेतात आणि तिथून उताराने शहरात सोडतात. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत बऱ्याच घरांत एक दिवसाआड येणारी ‘नर्मदा’ आणि अंगणातले ‘बोरिंग’ असा पाण्याचा दुहेरी हिशेब अजून चालतो.

शहरात पाणी आले त्याच सुमारास खाली निमाडात बुडिताची धास्ती सुरू झाली. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये सरदार सरोवराची उंची ४५५ फूट (१३८.६८ मीटर) ठरवली. मध्य प्रदेशातील १९२ गावे आणि धरमपुरी हे नगर त्याच्या बाधित क्षेत्रात येत होते. ‘निमाड बचाओ’ची हाक तेव्हाची. काही राजकीय पुढारीही तिच्यात होते. सत्ता मिळाल्यावर ते पांगले. मेधा पाटकर खोऱ्यात आल्या १९८५ च्या सुमारास. काठावरचे पाटीदार बागाईतदार, केवट, कहार आणि डोंगरातले भिल्ल-भिलाले एका झेंड्याखाली आले, हे ‘नर्मदा बचाओ आंदोलन’ या चळवळीचे खरे वेगळेपण. एरवी यांची बसण्याउठण्याची जागाही एक नव्हती. बाबा आमटे आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावदला नदीकाठी राहायला आले. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीच्या प्रतिकूल अहवालानंतर (१९९२) भारताने १९९३ मध्ये धरणासाठीच्या बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग नाकारला. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने बांधकामाला परवानगी दिली.

पुढची लढाई मुख्यतः पुनर्वसनाची. लवादाचा निवाडा जमिनीच्या बदल्यात जमीन सांगत होता. मध्य प्रदेशात अनेकांच्या हाती हप्त्यांनी रोख रक्कम ठेवून ‘जमीन घ्या, रजिस्ट्री दाखवा’ असे सांगण्यात आले. इथे दलाल शिरले. जी जमीन विकायला नव्हतीच तिची खरेदीखते कागदावर झाली आणि दुसरा हप्ता उचलला गेला. निमाडात याला ‘फर्जी रजिस्ट्री’ म्हणतात. उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. झा आयोगाने वर्षानुवर्षे हे कागद तपासून २०१६ मध्ये अहवाल दिला. २०१७ मध्ये चिखल्दा येथे उपोषणाला बसलेल्या पाटकरांना पोलिसांनी उचलून इंदूरच्या रुग्णालयात आणले, तेव्हा खोऱ्यातले भांडण शहराच्या दारात आले. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच पूर्ण भरला. राजघाट, चिखल्दा ही गावे पाण्याखाली गेली.

महेश्वर प्रकल्पाची हकिकत तुलनेने कमी सांगितली जाते. इंदूरच्या मराठी माणसाला ती जास्त जवळची असायला हवी. अहिल्याबाईंच्या राजधानीलगत ४०० मेगावॉटचे हे धरण खासगी कंपनीकडे सोपवले गेले. ६१ गावे बाधित होणार होती आणि त्यांत पहिले नाव जलूदचे, म्हणजे इंदूरचे पाणी जिथून उपसले जाते त्याच गावाचे. ११ जानेवारी १९९८ रोजी हजारो गावकऱ्यांनी धरणस्थळाचा ताबा घेतला. बायका आघाडीवर होत्या. पुढे आंदोलकांनी परदेशी भांडवलदारांनाच गाठले: जर्मनीत मोहीम चालली आणि १९९९ मध्ये तिथल्या दोन वीजकंपन्या प्रकल्पातून बाहेर पडल्या. न्यायालयापेक्षा पैशाच्या नाडीवर बोट ठेवण्याची ही युक्ती अधिक लागू पडली, असे म्हणायला जागा आहे. ओंकारेश्वर धरणाच्या बाबतीत घोगलगावच्या लोकांनी २०१२ मध्ये सतरा दिवस पाण्यात उभे राहून जलसत्याग्रह केला. पायांची कातडी सोलवटली, तेव्हा सरकारने पातळी १८९ मीटरवर ठेवण्याचे आणि जमीन देण्याचे मान्य केले.

महेश्वरचा वीजखरेदी करार राज्याने २०२० मध्ये रद्द केला. भिंत आणि दरवाजे तयार आहेत, वीज कधीच विकली गेली नाही.