अमिनो अल्कोहोलांचे पाण्यातील मुक्तमूलकी विघटन

शेजारशेजारच्या कार्बनांवर अमिनो आणि हायड्रॉक्सिल गट असलेली संयुगे गॅमा किरण किंवा प्रकाशामुळे पाण्यात सुटलेल्या मूलकांच्या (जोडीविना एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या, म्हणून फार क्रियाशील कणांच्या) माऱ्याने तुटतात, ती ही प्रक्रिया. इथेनॉलअमीन हे सर्वांत साधे उदाहरण. स्फिंगोलिपिडांचा (पेशीपटलांतल्या एका मेदगटाचा) कणा असलेले स्फिंगोसिन आणि ॲटेनोलॉलसारखी रक्तदाबावरची औषधेही याच घडणीची.

विरल द्रावणात किरणांची ऊर्जा शोषते ती पाणीच. दर 100 इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे सुमारे 2.7 हायड्रॉक्सिल मूलके आणि जवळपास तितकेच जलयोजित (पाण्याच्या रेणूंनी वेढलेले) इलेक्ट्रॉन मिळतात. द्रावण नायट्रस ऑक्साइडने संपृक्त केले की इलेक्ट्रॉनांचीही हायड्रॉक्सिल मूलके होतात.

पुढे काय तुटेल ते पीएच ठरवतो. इथेनॉलअमीनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे अर्धे रेणू प्रोटॉन धरलेले आणि अर्धे मोकळे असतात तो आकडा, 9.5. त्याच्या वर अमिनो गट मोकळा असतो. मूलक बरेचदा कार्बनवरचाच हायड्रोजन ओढते, पण काही वाटा नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचा असतो. तसे झाले की दोन कार्बनांमधला बंध तुटून एकीकडे इमाइन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचे संयुग), दुसरीकडे हायड्रॉक्सिमिथिल मूलक उरते. इमाइनचे पाण्यात फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया होतात. आम्लात अमिनो गट प्रोटॉन धरून बसतो आणि ही वाट बंद होते. मग हायड्रॉक्सिलजवळच्या कार्बनवर मूलक बनते, अमोनियम निसटतो आणि ॲसिटाल्डिहाइड हाती येते.

प्रयोगासाठी 10 मिलिमोलर द्रावण, पीएच 10.5 ते 11. बाराच्या वर नेऊ नये, कारण हायड्रॉक्सिल मूलकच प्रोटॉन गमावते. अर्धा तास आर्गॉन सोडावा. ऑक्सिजन उरला तर कार्बन-मूलकांची पेरॉक्सिल मूलके होऊन हिशेब बिघडतो. अल्कली द्रावण उघडे ठेवले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट होते आणि तेही मूलके खाते. अतिनील दिवा वापरताना हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे लागते, कारण ही साधी अमिनो अल्कोहोले 254 नॅनोमीटरचा प्रकाश फारसा शोषत नाहीत. नळी क्वार्ट्झचीच हवी, साध्या काचेतून तो प्रकाश जात नाही. फॉर्माल्डिहाइड त्याच्याशी पिवळा रंग देणाऱ्या नॅश अभिक्रियाकाने 412 नॅनोमीटरला मोजतात. त्याआधी नमुना पीएच 6च्या आसपास आणला नाही तर पिवळा रंग नीट चढत नाही.

हे आकडे कोकणातल्या खाडीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. लोटे-परशुराम आणि महाडच्या रासायनिक वसाहतींखाली वाशिष्ठी-सावित्रीच्या खाड्या आहेत. भरतीला तिथे शिरणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1च्या आसपास, म्हणजे इथेनॉलअमीनचा जेमतेम 4 टक्के भाग मोकळ्या अमिनो रूपात. शिवाय समुद्राच्या दर लिटरमध्ये सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असते आणि हायड्रॉक्सिल मूलके बहुतेक तेच गिळते. उरतात ती ब्रोमीनची, कमी आक्रमक मूलके. पावसाळ्यात जांभ्यावरून उतरलेले तांबडे पाणी पाहून लोहामुळे भरपूर मूलके बनत असतील असे वाटते. प्रत्यक्षात उदासीन पाण्यातले ते लोह बहुतेक घन ऑक्साइडचे कण असतात आणि गढूळपणामुळे ऊन फार खोल जात नाही. म्हणून खाडीचा नमुना घेताना पीएच आणि ब्रोमाइडबरोबर भरती होती की ओहोटी, याचीही नोंद करावी.