१२३४५६५४३२१

बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. ही अकरा अंकी विषम संख्या सहा एकांच्या १११,१११ ची वर्गसंख्या आहे. एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा एकापर्यंत उतरणारे तिचे अंक दोन्ही टोकांकडून सारखेच वाचले जातात.

जैन गणिती महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात (सुमारे इ.स. ८५०) ती आढळते. तिथे तिचे वर्णन ‘एकापासून सहापर्यंत आणि मग क्रमाने उतरणारी’ असे आहे. गळ्यातल्या हारासारख्या दिसणाऱ्या अशा आणखी काही गुणाकारांची उदाहरणेही ग्रंथात आहेत; १२३४५६७९ × ९ = १११११११११ हे त्यांपैकी एक. ग्रंथात गौरवलेला राजा अमोघवर्ष राष्ट्रकूट वंशातला. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीचे रट्ट हे राष्ट्रकूटांचेच मांडलिक होते. म्हणूनच सीमाभागातल्या मराठी शाळांत ही संख्या आपल्या परिसराचा वारसा म्हणून शिकवली जावी.

इथल्या मुलांना तिचा एक खास उपयोगही आहे. मराठीत ३४ म्हणजे चौतीस, आधी चार मग तीस. कन्नडमध्ये ‘मूवत्तनाल्कू’, आधी तीस मग चार. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दोन्ही भाषा शिकणाऱ्या मुलांना ही उलटापालट सांभाळावी लागते. या संख्येचे अंक मात्र कुठल्याही टोकाकडून एकेक करून लिहिले तरी चुकत नाहीत.

तिची घडण पाटीवर सहज दिसते. १११,१११ ला १११,१११ ने गुणताना सहा ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १ अशा होतात आणि हातचा कुठेच येत नाही. सारे सौंदर्य या न आलेल्या हातच्यात आहे. त्यामुळेच ७ किंवा त्याहून मोठा पाया असलेल्या कोणत्याही अंकपद्धतीत सहा एकांचा वर्ग हीच अंकमाला देतो. दशमानात नऊ एकांपर्यंत हा क्रम टिकतो. दहा एक घेतले की मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा बिघडतो.

अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ ने भाग जातो. १११,१११ = १११ × १००१ = ३ × ३७ × ७ × ११ × १३; त्यामुळे मूळ संख्येत या पाचही अविभाज्य संख्यांचे वर्ग येतात. प्रत्येक अवयव शून्य, एक किंवा दोन वेळा घेता येतो, म्हणून एकूण विभाजक ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३.

महावीराचार्य ही संख्या २७९९४६८१ × ४४१ या गुणाकारातून मिळवतात. ४४१ हा २१ चा वर्ग, तर २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ मध्ये ३ आणि ७ आले. उरलेले ११, १३ आणि ३७ मिळून ५२९१ होतात.