आधी शाळा, मग वाचनालय, मग नंबर : बडोदं आणि चष्म्याची पार्श्वभूमी

भारतात शाळेतल्या पोरांची डॉक्टरी तपासणी पहिल्यांदा कुठे झाली असं विचारलं की लोक मुंबई म्हणतात, नाहीतर कलकत्ता, पण उत्तर आहे बडोदं, साल 1909. मेडिकलची मुलं पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या, पेपरसाठी ही एक ओळ पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, इथल्या मेडिकल कॉलेजातलीसुद्धा. दांडिया बाजारात, बाबाजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांमधून सयाजीराव महाराजांच्या शंभर गोष्टी सांगतात, त्यात ही कधी ऐकू येत नाही. सध्या घरोघरी पोरांना नंबर लागतायत आणि सगळं खापर मोबाइलवर फुटतंय, म्हणून म्हटलं जरा मागे जाऊन बघू हे चष्मा प्रकरण इथवर आलं कसं.

1909 चं काही आभाळातून पडलं नव्हतं. महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून बघितला आणि 1906 मध्ये तो अख्ख्या संस्थानाला लागू केला, मुलगे आणि मुली दोघांनाही. आता सक्तीने पोरं शाळेत बसवली की दोन-तीन वर्षांत मास्तरांच्या लक्षात येतंच की याला ऐकू कमी येतं, तो सारखा आजारी पडतो, आणि हा मागच्या बाकावरचा फळ्यावरचं काहीतरी भलतंच उतरवून घेतो. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये 1907 चा कायदा होऊन 1908 पासून शाळांमधून वैद्यकीय तपासणी सुरू झाली होती, तिथल्या तक्त्यात नजर हा एक ठरलेला रकाना होता. म्हणजे विलायतेत कायदा झाला आणि एक-दोन वर्षांत बडोद्यात तपासणी उभी राहिली, बाकी देश अजून शाळाच उघडत होता. महाराज विलायतेला जायचे ते नुसते हवापालटाला नाही, हे मला अशा बारीकसारीक तारखा जुळल्या की पटतं.

इंग्लंडला तरी ही बुद्धी कुठून आली, तर त्याच्या मागे जर्मनी आहे. ब्रेस्लाऊ शहरात हेरमान कोन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांनी 1860 च्या दशकात दहा हजारांवर शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि 1867 मध्ये छापलं की खेड्यातल्या शाळेपेक्षा शहरातल्या शाळेत, आणि खालच्या इयत्तेपेक्षा वरच्या इयत्तेत, लांबचं न दिसणारी मुलं वाढत जातात. कोनसाहेबांनी दोष दिला तो कमी उजेडाला, वाईट बाकांना आणि बारीक टाइपाला. मग युरोपभर शाळांच्या खिडक्या मोठ्या झाल्या, बाकं सुधारली, छपाई सुधारली. पोरांचे नंबर काही थांबले नाहीत, पण शाळेत डोळे तपासावेत ही गोष्ट मात्र तिथून जी रुजली ती रुजली.

आणि तपासायचे म्हणजे कशाने, तर ती हत्यारंसुद्धा नवीनच होती. हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत बघायचा ऑफ्थॅल्मोस्कोप केला 1851 मध्ये, हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या स्नेलनने अक्षरांचा तक्ता काढला 1862 मध्ये, आणि तिथल्याच डोंडर्सने 1864 मध्ये नीट मांडून दाखवलं की लांबचा म्हणजे मायनस नंबर, डोळ्याच्या घडणीतूनच येणारा प्लस नंबर आणि वयाने येणारी चाळिशी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या आधी चष्मा कसा घेत असत? फेरीवाल्याच्या पेटीतनं एकेक काच नाकावर चढवून बघायची, ज्यात बरं दिसेल ती उचलायची. मंगळ बाजारात आजही वाचायचे तयार चष्मे प्लस वन, प्लस दीड, प्लस दोन असे दोरीला लटकलेले असतात आणि लोक हातातल्या वर्तमानपत्रावर बघून घेऊन जातात, तेव्हा ती पद्धत काही मेली नाहीये, आणि खरं सांगायचं तर दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरपा नंबर (सिलिंडर) नसेल तर तो चष्मा काही वाईटही नसतो.

चष्मा मुळातला इटलीचा, तेराव्या शतकाच्या शेवटाचा. 1306 मध्ये जोर्दानो नावाचा एक पाद्री प्रवचनात म्हणाला होता की ही विद्या निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत, त्यावरून हे साल धरतात. आपल्याकडे तो कधी आला हे खणून काढलं पुण्याच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी. भांडारकर संस्थेचे क्युरेटर, कुठल्याही फालतू वाटणाऱ्या वस्तूचा इतिहास शोधायचा नाद असलेला माणूस, त्यांनी चष्म्यावर अख्खा लेख लिहिलाय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विजयनगरचे माध्व आचार्य व्यासराय 1520 च्या सुमारास चष्मा लावून पोथी वाचत होते, आणि तो बहुधा पोर्तुगीजांकडून आला असावा. म्हणजे आपल्याकडे चष्मा आला तो पोथीवाल्यांसाठी, चाळिशी ओलांडलेल्या पंडित-कारकुनांसाठी. पोराला चष्मा ही कल्पनाच पुढची कितीतरी वर्षं नव्हती, कारण गुरं राखायला आणि शेतात खुरपायला लांबचं धूसर दिसलं तरी चालून जायचं.

बडोदं हे तर कारकुनांचंच गाव. दफ्तरं मोडी लिपीत, शाई फिकी, संध्याकाळी कंदील. रियासतकार सरदेसाई 1889 मध्ये इथे महाराजांचे रीडर म्हणून नोकरीला लागले, म्हणजे महाराजांना वाचून दाखवणं हीच नोकरी, आणि त्याच नोकरीत राहून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाचे ठोकळे लिहिले. या गावात डोळ्यांना काम किती होतं ते यावरून बघा. त्यात 1910 मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना आणून फुकट वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, गावोगाव लाकडी पेट्यांमधून पुस्तकं फिरू लागली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत आजही आत गेलात तर लोखंडी कपाटांच्या मधल्या मजल्यांची जमीन चक्क काचेची आहे, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. पहिल्यांदा त्यावर पाय ठेवताना लोक दचकतात. मला ती जमीन आवडते ती एवढ्यासाठी की वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार बांधतानाच कुणीतरी केला होता.

पण सगळ्यात अवघड भाग भिंग बनवणं हा कधीच नव्हता. अवघड हे की ज्याला दिसत नाही त्याला आपल्याला दिसत नाही हेच माहीत नसतं. सात वर्षांच्या पोराला वाटतं झाडं लांबून अशीच हिरवी गोळाभर दिसतात सगळ्यांना. ते तक्रार कशाची करणार? म्हणून कुणीतरी उठून शाळेत जाऊन सगळ्यांना एका रांगेत उभं करून एक डोळा झाकायला सांगायला लागतं, आणि नेमकं तेच काम आपल्या देशात रखडलं. 1946 मध्ये देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने सरळ लिहून ठेवलं की भारतात शाळा आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. बडोद्याच्या 1909 नंतर सदतीस वर्षांनी हे! 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी इथलं मेडिकल कॉलेजही निघालं, आणि मग 1960 नंतर गुजरात.

मधल्या काळात डोळ्यांच्या नावाने जो काही पैसा आणि माणूसबळ होतं ते खुपऱ्या आणि मोतीबिंदूकडे गेलं, आणि ते बरोबरच होतं कारण त्यांनी माणसं आंधळी होत होती. खुपऱ्या म्हणजे ट्रॅकोमा, धूळ, माशा आणि पाण्याची टंचाई जिथे असेल तिथे हमखास, गुजरात-राजस्थान-पंजाबचा कोरडा पट्टा त्याने भरलेला. 1963 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि 2024 च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातली ही सार्वजनिक आरोग्याची समस्या संपल्याचं मान्य केलं, बातमी दोन दिवस आली आणि गेली.

मोतीबिंदूचं म्हणाल तर गुजरातेत नेत्रयज्ञ हा शब्द अजून चालतो. शाळेच्या नाहीतर धर्मशाळेच्या खोल्या रिकाम्या करायच्या, खाटा मांडायच्या, डॉक्टर यायचे आणि दिवसभर ऑपरेशनं. आपल्याकडची जुनी माणसं आणंदजवळच्या चिखोदराच्या रविशंकर महाराज आंखनी हॉस्पिटलचं नाव अजून हात जोडून घेतात. ऑपरेशन थंडीतच करायचं हा हट्ट त्याच काळातला, तेव्हा टाके, मोठी जखम आणि उकाड्यातला घाम यांचं भय होतं, आज दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेतून काम होतं तरी आमच्याकडच्या आज्या अजून दिवाळी होऊ दे म्हणूनच तारीख पुढे ढकलतात.

त्या जुन्या ऑपरेशनात डोळ्यातलं भिंगच पूर्ण काढून टाकायचे आणि बदली काही बसवायचे नाहीत, म्हणून मग प्लस दहा-बाराचा चष्मा. आमच्या आजोबांचा होता, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा, नाकावर दोन्हीकडे खड्डे पडलेले. त्या काचेतून सगळं पंचवीस ते तीस टक्के मोठं दिसतं, म्हणजे जवळही वाटतं, त्यामुळे आजोबा चहा बशीत ओततायत आणि तो बशीच्या अलीकडे टेबलावर पडतोय हे रोजचं. शिवाय काचेच्या कडेला गोल असा न दिसणारा पट्टा असतो, दारातून येणारं माणूस एकदम समोर उगवतं. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आणखी वाईट, दोन डोळ्यांना दोन आकारांची चित्रं, डोकं गरगरतं. म्हणून कित्येक जण ऑपरेशन करून चष्मा उशाशी ठेवून द्यायचे, आणि सरकारी आकड्यात ते यशस्वी!

यातून सुटका लंडनच्या हॅरोल्ड रिडलीने केली होती 1949 मध्येच. युद्धात विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले तरी डोळा ते सहन करतो हे त्याने पाहिलं आणि त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग करून डोळ्याच्या आत बसवलं, त्याचे सोबतीच कितीतरी वर्षं त्याच्यावर उखडलेले होते. आपल्याकडे ते गरिबाला परवडायला 1990 चं दशक उजाडलं, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयवाल्यांनी 1992 मध्ये ऑरोलॅब काढून भिंगं इथेच बनवली आणि किंमत पार खाली आणली, आणि 1994 पासून जागतिक बँकेच्या पैशातून मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम चालला. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र त्याआधीचा, 1976 चा, आणि शाळेतली नजर-तपासणी पुढे त्याच्याच पदराखाली आली. मास्तरांना तक्ता आणि सहा मीटरची दोरी देऊन शिकवायचं, ज्याला खालची ओळ येत नाही त्याला पुढे पाठवायचं. साधं काम आहे, पण ज्या शाळेत मास्तर मनापासून करतात तिथे होतं, आणि जिथे सही करून रजिस्टर भरतात तिथे पोरगं ढ म्हणूनच राहतं.

सहा मीटर म्हणजे वीस फूट. रावपुऱ्यातल्या जुन्या चष्म्याच्या दुकानात वीस फूट लांबी कुठली, म्हणून तक्ता पेशंटच्या डोक्यामागे आणि समोर तीन मीटरवर आरसा, त्यात बघायचं, तक्त्यावरची अक्षरं म्हणून उलटी छापलेली. नाकावर ती जड गोल ट्रायल फ्रेम, खाचेत एकेक काच खटखट पडते आणि दुकानवाले काका विचारतात, आ सारुं के पेलुं? म्हणजे हे बरं की ते? आपण आधी मराठीत विचार करतो, मग गुजरातीत उत्तर देतो, तोवर ती काच बदललेली असते. आता आधी मशीनमध्ये हनुवटी ठेवून लांब रस्त्याच्या टोकाला असलेला फुगा बघायला लावतात, नंबर छापून येतो. पण तो अंदाजच असतो, लहान मुलांचा तर हमखास जास्त मायनस दाखवतो कारण पोरं डोळ्याला जोर देऊन बघतात, म्हणून ड्रॉप्स घालून तपासा असं डॉक्टर म्हणाले तर कंटाळू नये.

आता आजचा प्रश्न, एवढे नंबर का. लांबचं न दिसणारा डोळा म्हणजे लांबट झालेला डोळा, मोठ्या माणसाचा साधारण 24 मिलिमीटर असतो आणि त्यात एकाच मिलिमीटरची वाढ झाली की अडीच-तीन नंबर चढतो. विसाव्या शतकात मधली बरीच वर्षं सगळे म्हणत होते हे आईबापांकडून येतं, कोनसाहेबांचं म्हणणं अडगळीत गेलं. मग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गाडी परत तिकडेच वळली, फक्त उजेडाचा अर्थ बदलला, खोलीतला नाही तर उघड्यावरचा. चीनमध्ये ग्वांगझूच्या बारा शाळांमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाला, निम्म्या शाळांमध्ये रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर सोडलं, तीन वर्षांनी या मुलांत 30.4 टक्क्यांना नवा मायनस लागला होता आणि बाकीच्यांत 39.5 टक्क्यांना. 2015 मध्ये हे छापून आलं. कंदिलाखाली वाचून आजोबांचे डोळे गेले नाहीत आणि नातवाला एलईडीखाली नंबर लागला, त्याचा उलगडा बराचसा इथे आहे, आजोबा दिवसभर बाहेर होते. मोबाइल निर्दोष आहे असं नाही म्हणत मी, पण ट्यूशन, एसी क्लास आणि बंद व्हॅन यांनाही त्याच पिंजऱ्यात उभं करा की.

बडोद्याची पोरं आभाळाखाली दिवसभर दिसतात ती बहुतेक उत्तरायणाला. 14 जानेवारीला अख्खं गाव गच्चीवर आणि प्रत्येकाच्या डोळ्यावर गॉगल, त्यातले अर्धे आदल्या दिवशी रस्त्यावरून घेतलेले. काच नुसती काळी असेल आणि यूव्ही म्हणजे अतिनील किरणं अडवत नसेल तर ती नसलेली बरी, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि जास्त यूव्ही आत जातात. ऑप्टिशियनकडे यूव्ही मीटर असतं, काच धरून दाखवा म्हटलं तर दोन मिनिटांत सांगतात.

मुलीला चष्मा म्हणजे लग्नात अडचण हे आपल्या समाजात अगदी अलीकडेपर्यंत होतं, बायोडेटाच्या फोटोत चष्मा काढून बसायच्या. अमेरिकेत 1990 च्या दशकात लेझरला परवानगी मिळाली आणि मग आपल्याकडे लग्न ठरायच्या आधी लेसिक हा नवा खर्च आला. अठरा पूर्ण हवीत, नंबर वर्षभर तरी हललेला नको, बुबुळ पुरेसं जाड हवं, हे सगळे तपासूनच करतात. लेझरने बुबुळाचा आकार बदलतो, डोळा लांबट तो लांबटच राहतो, म्हणून ज्यांचा नंबर सहा-सातच्या वर होता त्यांनी चष्मा सुटला तरी डोळ्याच्या आतला मागचा पडदा दरवर्षी ड्रॉप्स घालून दाखवायचा असतो.